माझ्या हातची शिकरण

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोपाशी नाही, देवापाशीही नाही. तुम्हाला सांगतो — का, ते विचारू नका.

खंडव्याकडच्या जसोंडीला आमची केळीची बाग. घर माळकरी, वडिलांना अंड्याचं नाव काढलेलंही खपत नसे. बागेत रानडुकरं शिरायची. एकदा राखणदारांनी एक मारलं आणि तिथेच शिजवलं. मीही खाल्लं, अर्धकच्चंच. मर्दुमकी वाटली, दुसरं काय?

काही महिन्यांनी शौचातून पांढरे, चपटे तुकडे पडू लागले. हलायचे. वैद्याकडे गेलो असतो तर पहिला प्रश्न काय आला असता? मी मिठाची गुळणी धरली. आणि धाकट्या सुमीला, माझ्या बहिणीला, शिकरण माझ्याच हातची लागायची. केळी मी बोटांनी कुस्करायचो. हात धुतलेले असायचे? — कधी असायचे, कधी नसायचे.

पुढे सुमीचं लग्न ठरलं आणि तिची पाठ दुखू लागली. मग पाय जड झाले. मग एका सकाळी तिला उठताच येईना. नुकताच नवा मध्य प्रदेश झाला होता, नागपूर परराज्यात गेलं होतं. म्हणून तिला इंदूरला नेलं. डॉक्टरांनी मणक्यातून पाण्यानं भरलेली गाठ काढली. वडिलांना म्हणाले, “सूअर वाले कीड़े की गाँठ है.”

मला मात्र बाजूला घेतलं. ही गाठ मांस खाऊन होत नाही, म्हणाले. ज्याच्या पोटात तो किडा असतो, त्याच्या हातून किड्याची अंडी दुसऱ्याच्या अन्नात जातात. “घर में सबकी जाँच कराओ. पिताजी को ठीक से समझाना.”

समजावलं का मी? वडिलांच्या कानात एकच शब्द अडकला होता. परतताना विचारत राहिले, “पोरीनं ते खाल्लं कुठं रे?” मी घाबरलो. आणि म्हणालो — नीट ऐका — म्हणालो, “मैत्रिणीकडे खाल्लं असंल, बाबा.”

चोर सोडून संन्याशाला सुळी. लग्न मोडलं. पायांतलं बळ पुरतं परत आलंच नाही. सुमी रडून म्हणायची, “दादा, तू तरी सांग ना बाबांना, मी नाही खाल्लं!” मी खंडव्याला जाऊन गुपचूप औषध घेतलं आणि मोकळा झालो.

वडिलांनी तिच्या हातचं पाणी सोडलं. ती तांब्या घेऊन जमिनीवरून सरकत यायची. ते तोंड फिरवून मला हाक मारायचे. मी जायचो. शेवटपर्यंत ते माझ्याच हातचं पाणी प्यायले.