धोट्यातली कोळीण

आईशपथ सांगते, नोकरीची ऑर्डर हातात पडली तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता! वडिलांच्या बंद पडलेल्या मागाच्या खोलीत, कोनाड्यात ठेवलेल्या, आडवा धागा नेणाऱ्या जुन्या लाकडी धोट्यात चक्क विषारी कोळीण सापडली. मी सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात शाळेत जीवशास्त्र शिकवते. असलं घबाड आपल्याच माहेरी निघालं म्हटल्यावर काय विचारता!

रंग तपकिरी, अंग वाटाण्याएवढं, पायांवर पट्टे आणि पोटाखाली नारिंगी डमरू. जाळं अगदी गबाळं, पण चिवट. नर तिच्यापुढे चिलटाएवढा. दिवसा ती धोट्याच्या पोकळीत दडायची, अंधार पडला की जाळ्यात उलटी लटकायची. लाजाळू बया, दाबली गेली तरच चावणार. एका रविवारी तिच्याशेजारी अंड्यांची गोल पिशवी दिसली, धोत्र्याच्या बोंडासारखी काटेरी.

आम्ही तेलुगू विणकर, वडिलांना नान्ना म्हणतो. "नान्ना, कोनाड्याला हात लावायचा नाही," मी दम भरला. "चावली तर घाम फुटेल, कळा येतील. वय बघा तुमचं."

"बरं बाई, तू शिकलेली की," म्हणाले.

त्यानंतर तिसऱ्या रविवारी पिशवीला बारीक भोक दिसलं. पिल्लं निघाली! हातमोजे कुठले आठवतायत! धोटा उचलला, उजेडाकडे धरला. त्याच्या भोकातून एक तंतू लोंबत होता. आता हे विणकराच्या घरचंच खूळ: धाग्याची कांडी बदलली की धोट्याच्या भोकाला तोंड लावायचं आणि धागा श्वासाने ओढून घ्यायचा. लहानपणी शाळेतून आल्यावर मी हेच करायची. डोकं पिल्लांत होतं, तोंड आपसूक भोकाकडे गेलं.

फाटकन मनगटावर फटका बसला. धोटा खाली पडला. कोळीण पाय आखडून मेल्यासारखी पडून राहिली, मग हळूच मागाखाली सटकली. नान्ना शेजारी येऊन उभे होते. जन्मात माझ्यावर हात न उगारलेला माणूस!

"आणि मला शिकवत होतीस!" ते ओरडले.

तेवढ्यात खिडकीतून वारा आला. कोनाड्यातल्या जाळ्यावरची खसखशीएवढी पिल्लं एकेक तंतू सोडून वर तरंगायला लागली. "नान्ना, बघा ना, उडाली!" मी नाचायचीच बाकी होते.

त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. माझं मनगट घट्ट धरून ते माझे ओठ न्याहाळत होते.

"आधी तोंड उघड."

चाळिशीची बाई मी, मुकाट्याने आ केला.