भास्कररावांच्या वडिलांची विमानं

ही गोष्ट सांगायचं मी पाच वर्षं टाळलं. आधी वाटलं, योग्य वेळ आली की सांगू. मग वाटलं, आता सांगून काय उपयोग... आणि गेल्या महिन्यात एका सकाळी, इथे परदेशात, वुडलँड्सच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी चहा गाळत असताना भास्कररावांच्या लेकीचा, सुजाताचा फोन आला. "काका, बाबा गेले. झोपेतच." मी गाळणी खाली ठेवली आणि अंत्यविधी किती वाजता आहे, एवढंच विचारलं. भास्कर गायकवाड यांच्याबद्दल इथल्या मराठी मंडळींनी त्यानंतर बरंच चांगलं लिहिलं. ते सगळं खरं आहे. मला फक्त त्यांनी वडिलांच्या युद्धकाळावर लिहिलेल्या पुस्तिकेतली एक चूक दुरुस्त करायची आहे, कारण ती चूक त्यांची नाही.

भास्करराव नागपूरला शाळेत गणित शिकवायचे. निवृत्त झाल्यावर ते संशोधक लेकीकडे बुओना व्हिस्टाला राहायला आले. मी विमान कारखान्यात तपासनीस होतो. तयार विमान तपासायचं, कागदावर सही करायची आणि पुढच्या विमानाकडे वळायचं, यात माझी नोकरी गेली. तरुणपणी प्रशिक्षणासाठी दोन वर्षं रशियात काढली, त्यामुळे रशियन वाचता येतं. मराठी ज्येष्ठांच्या मासिक बैठकीत हे त्यांना कुणीतरी सांगितलं. ते सरळ माझ्या शेजारी येऊन बसले. "तुम्हाला रशियन येतं म्हणे. माझं एक काम आहे. मजुरी म्हणून कॉफी पाजीन, पण काम लांबणारं आहे."

काम त्यांच्या वडिलांचं होतं. दुसऱ्या महायुद्धात ते मजुरांच्या तुकडीतून बसऱ्याला गेले होते. सोव्हिएत संघाला मदत म्हणून दिलेली अमेरिकन बनावटीची बोस्टन बॉम्बर विमानं तिथे रशियन वैमानिकांच्या ताब्यात दिली जात. वडिलांचं काम त्या विमानांवरची वाळू पुसायचं. "आम्ही पुसलेली विमानं तिकडे सगळ्यात आधी लढाईत उतरली," असं ते मरेपर्यंत सांगत आले. एका रशियन वैमानिकाने खुणांनी तसं कबूल केलं होतं म्हणे. गावात लोक हसायचे. भास्कररावांना एवढंच ठरवायचं होतं की हे खरं असू शकतं का. सुजाताने त्यांना ही विमानं सगळ्यात आधी मिळालेल्या एका बॉम्बर रेजिमेंटमधल्या दिशादर्शकाच्या आठवणींची रशियन पानं इंटरनेटवरून छापून दिली होती.

दर शनिवारी मी बिशान स्टेशनवर गाडी बदलून बुओना व्हिस्टाला जायचो. हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडपातल्या, पंख्याखालच्या टेबलावर पानं पसरायची, मी वाचून मराठीत सांगायचं, त्यांनी मास्तरी अक्षरात उतरवून घ्यायचं. मुंबईचे सावंत कधीकधी येऊन बसत. "काय मास्तर, बाबांनी फडकं मारलं आणि हिटलर हरला, एवढंच लिहायचंय ना? चार ओळींत संपवा की." भास्करराव वर न बघता म्हणत, "सावंत, तुमच्या बाबांनी काय पुसलं ते सांगा, त्याचंही प्रकरण घालू."

एका शनिवारी हवं ते पान आलं. रेजिमेंटच्या समितीने परदेशी विमानं तपासून ताब्यात घेतली, नोंदवहीवर सह्या झाल्या. साल १९४२, हिवाळा सरत आलेला. मी पानं मिटली. "झालं. तेव्हापासून ही विमानं लढाईत." भास्कररावांनी वहीतली मागची नोंद काढली. "बाबा तर बसऱ्याला त्या सालच्या वैशाखात पोचले." मी म्हणालो, मग पहिली विमानं त्यांच्या आधीच लढलेली असणार. "नक्की ना? पुढे आणखी काही आहे का?" मला तो प्रश्न अपमानासारखा लागला. "मास्तर, सहीची तारीख आहे ही. माझं सगळं आयुष्य सह्यांत गेलंय." सावंत हसले. "घ्या. साहेबांनी सही केली म्हणजे विमान उडालंच." भास्कररावांनी तारीख लिहून घेतली आणि खाली रेघ मारली. महिन्याभराने पुस्तिका छापून आली. तिच्या प्रस्तावनेत एक वाक्य होतं: 'माझ्या वडिलांची आठवण पुराव्याशी जुळत नाही, म्हणून ती इथे घेतलेली नाही.'

त्यानंतर काही आठवड्यांनी मी कपाट आवरत होतो. ती पानं हाती लागली, आणि मी पुढचं पान वाचलं. सह्या झाल्यावर रेजिमेंट लढायला गेलीच नव्हती. वैमानिकांना विमानं कळत नव्हती. उंची फुटांत, वेग मैलांत, सगळ्या पाट्या इंग्रजीत. तबकड्यांवर कागदाचे कपटे चिकटवून त्यांनी रशियन आकडे लिहिले होते. मागची बंदूक अपुरी वाटली म्हणून बदलली. शिकण्यात वसंत गेला. दरम्यान दक्षिणेकडून, म्हणजे बसऱ्याच्या वाटेने, आणखी विमानं येऊन त्यांना मिळाली, आणि सगळी मिळून पहिल्यांदा आघाडीवर गेली ती भर उन्हाळ्यात. म्हणजे वैशाखात बसऱ्याला पुसलेलं विमान त्या पहिल्या लढाईत असू शकत होतं. सिद्ध होत नाही, पण शक्य होतं. भास्कररावांनी तेवढंच विचारलं होतं. माझ्यासारख्या तपासनिसाला सहीनंतर विमानाचं काय होतं, हे बघायची सवयच नव्हती.

मी सांगितलं नाही. पुस्तिका वाटून झाली होती, सावंतांचं हसू डोळ्यांसमोर होतं... कारणं सापडत गेली. शनिवारी भेटणं चालू होतं. भास्करराव मात्र वडिलांबद्दल बोलायचे थांबले.

ते इस्पितळात होते तेव्हा ते पान खिशात घालून मी गेलो. सुजाता औषधं आणायला खाली गेली होती. मी खुर्ची ओढली, तेवढ्यात तेच म्हणाले, "बरं झालं आलात. तुमचे आभार मानायचे राहिलेत. बाबा वाढवून सांगायचे, हे तुमच्यामुळे कळलं. लहानपणी त्यांच्या बाजूने मी पोरांशी मारामाऱ्या केल्यात हो..." ते हसले, मग खोकले. मी पाण्याचा पेला पुढे केला आणि म्हणालो, "त्यात आभार कसले."

मग सुजाता आली, डबा उघडला गेला, आणि मी निघालो. परवा तिला भेटून ते पान मराठीत पूर्ण उतरवून दिलं. तिने वाचलं आणि घडी घालून पर्समध्ये ठेवलं. ज्यांना सांगायचं होतं ते नाहीत.

भास्करराव, तुमचे बाबा सांगत होते ते खरं असू शकतं. तुम्ही विचारलंत, पुढे काही आहे का, आणि मी न वाचता नाही म्हणालो. मला माफ करा.