धूळ नसलेले ग्राउंड

सैनिक मातीसाठी प्राण देतो, असे भरतीच्या सभेत एक रावसाहेब म्हणाले होते. त्यांच्या बुटांना माती लागू नये म्हणून व्यासपीठापर्यंत सतरंजी अंथरली होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या एका उन्हाळ्यात आमची खेचरांची ट्रान्सपोर्ट कंपनी ब्राह्मणपुरीच्या शिवारात तळ देऊन होती. मी नर्सिंग हवालदार होतो. सकाळी पाचला पाण्यात क्लोरीन, सहाला पायांची तपासणी, नऊला जखमा. दर सोमवारी आरोग्यावर लेक्चर. त्या सोमवारी मी धनुर्वात शिकवला. त्याचा जंतू खेचरांच्या लिदीतून जमिनीत उतरतो, जाड कवचात वर्षानुवर्षे पडून राहतो, उन्हाने मरत नाही. त्याला हवा सोसत नाही, म्हणून उघड्या खरचटण्यापेक्षा काट्याचे खोल, अरुंद भोक त्याला मानवते. जवानांनी मान डोलावली.

मंगळवारी हुकूम आला. गुरुवारी ब्रिगेडियरसाहेबांचे इन्स्पेक्शन. ग्राउंडवर घोटाभर धूळ होती.

कॅप्टनसाहेब म्हणाले, "धूल नहीं चाहिए."

उपाय मी सुचवला. आमचे निम्मे जवान शेतकऱ्यांची पोरे. खळे कसे करतात ते त्यांना सांगावे लागत नाही. शेण नव्हते, लीद मुबलक होती. लीद आणि माती पाण्यात कालवून अंथरली आणि अनवाणी तुडवायला घेतली. सर्वांत पुढे शिपाई दगडू, शहाद्याकडचा.

"आम्ही खये असंच करतस, आप्पा," तो मला म्हणाला. "बूट काढा. या."

मी बूट काढले नाहीत.

बुधवारी सकाळी साडेनऊला त्याच्या टाचेत बाभळीचा काटा गेला, दीड बोट खोल. मी तो ओढून काढला, टाच धुतली, आयोडीन लावले. सोमवारचे लेक्चर आठवले आणि कॅप्टनसाहेबांकडे गेलो.

"सर, सीरम देना है."

धनुर्वात रोखणाऱ्या सीरमच्या चार कुप्या कंपनीत होत्या. इन्स्पेक्शनच्या टेबलावर पांढऱ्या चादरीवर त्या ओळीने मांडलेल्या होत्या. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिले.

"काँटा है, हवलदार. इन्स्पेक्शन के बाद."

मी सॅल्यूट केला. सिरिंजच्या पेटीची किल्ली माझ्याच खिशात होती.

दगडूला सांगितले तेव्हा तो हसला. "काटाच शे ना! गोई थोडीच लागनी? राहू द्या, ती सुई साहेबले दखाडानी शे."

गुरुवारी तार आली. इन्स्पेक्शन सोमवारवर गेले. चार दिवस मी रोज त्याची टाच पाहत होतो. जखम वरून छान मिटली होती. तेच वाईट होते, आणि ते मला ठाऊक होते. दर संध्याकाळी चादर झटकून कुप्या पुन्हा ओळीत लावत होतो.

सोमवारी सकाळी दगडूने भाकरी तशीच ठेवली.

"तोंड उघडत नही, आप्पा."

"लाइनमध्ये उभा राहू नकोस."

"आते काय! ग्राउंड मीच बनाडेल शे."

तो उभा राहिला. मी त्याला हाताला धरून बाहेर काढले नाही. ब्रिगेडियरसाहेब त्याच्यासमोर थांबले. त्याचे ओठ ताणले गेले होते, दात दिसत होते.

"खुश जवान है," साहेब म्हणाले.

त्यांची मोटार साडेअकराला गेली. अकरा पस्तीसला मी चारही कुप्या दिल्या. तोवर विष मज्जातंतूंत पोचले होते. तिथे सीरम काही करत नाही. दगडूला अंधाऱ्या तंबूत ठेवले, कारण आवाजाने झटके येत. मी कॅप्टनसाहेबांना विचारून बिगुल बंद करवला. हे त्यांनी लगेच मान्य केले. गुरुवारी सकाळी सहा दहाला दगडू गेला. शेवटपर्यंत शुद्धीवर होता.

नंतर मी बऱ्याच आघाड्या पाहिल्या. तिथे माझे जे गेले, त्यांच्यासाठी मला काही करता येण्यासारखे नव्हते. म्हणून नाव आठवायचे म्हटले की आधी दगडूचे येते.

इन्स्पेक्शनचा रिपोर्ट तीन आठवड्यांनी आला. कॅप्टनसाहेबांनी तो सर्वांसमोर वाचून दाखवला. ग्राउंड: उत्तम, धूळ नाही. मेडिकल स्टोअर्स: पूर्ण.