खुर्चीत बसायच्या आत

ऑकलंडच्या कोर्टात ज्युरीसाठी बोलावलं होतं. शेजारी एक सत्तरीची गोरी बाई बुटांच्या नाड्या करकचून आवळत होती.

"मागच्या वेळी बचावाच्या वकिलानं माझा खाष्ट चेहरा बघूनच हाकललं," ती म्हणाली. "त्यांना कारण द्यावं लागत नाही. आपण खुर्चीत बसायच्या आत 'चॅलेंज' म्हटलं, की आपण घरी. आज म्हणून दाखव म्हणावं!"

नाव पुकारताच ती तरातरा गेली. वकिलानं मान वर करेपर्यंत बसलीसुद्धा.

मग माझं नाव आलं. अर्ध्या वाटेतच "चॅलेंज!" माझं नाव खटकलं की रंग, विचारायची सोय नाही.

मी परत फिरताना तिनं खुर्चीतून डोळ्यांनीच माझ्या उंच टाचांच्या चपला दाखवल्या.

त्याच संध्याकाळी हेन्डरसनच्या मॉलमध्ये जाऊन मी बूट घेतले. आता बोलवा म्हणावं.