न कापलेली रिंग

रबराची रिंग हातात आली की साळवेमामा आधी ती साबणाच्या पाण्यात धुवायचे, सदऱ्याच्या टोकाला पुसायचे आणि डोळे मिटून गालाला लावायचे. बांगडीएवढी असो की करंगळीच्या नखाएवढी, गालावर हलकेच दाबून गोल फिरवायचे. कुणी पेट्रोलमध्ये धुतलेली रिंग आणली तर ओरडायचे, "पेट्रोल प्यायलं की रबर फुगून खोटं बोलतं." बोटांनी का बघत नाही, असं एकदा मी विचारलं. म्हणाले, "बोटं मेली रे माझी. तीस वर्सं ग्रीस खाल्लं त्याह्यनी. गाल तेवढा जित्ता हाय."

मग निकाल लागायचा. "हाय जीव," म्हटलं की रिंग बिस्किटाच्या डब्यात जायची आणि कुणाच्या तरी इंजिनात परत बसायची. "गेला," म्हटलं की खिशातलं दाढीचं ब्लेड निघायचं आणि रिंगेचे दोन तुकडे तिथल्या तिथे खाली पडायचे. नुसती फेकायची नाही, कापायचीच. "अख्खी ठिवली की अडीनडीला माणसाचा हात जातोच तिच्याकडं. मंग त्यो माणूस मी असो का तू."

बदनापूरला स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं, मागे दोन खोल्यांचं घर. दुपारी जेवायला गेले की मामी त्यांच्या गालावरचा काळा डाग बघून म्हणायच्या, "आज कोणाच्या जीपचा मुका घेतला?" मामा ताटाकडे बघत म्हणायचे, "हसनाबादच्या सरपंचाच्या." मग पदराने डाग पुसला जायचा. तो रोज पडायचा आणि रोज पुसला जायचा.

मी आष्टीचा. आठवीत शाळा सोडली आणि नंतर दहा वर्षं दुसऱ्यांचे टेम्पो चालवले. टेम्पोच्या मालकाने काढून टाकलं तेव्हा पंचविशीत होतो, लग्न झालेलं होतं आणि कुठेच कुणी उभं करत नव्हतं. मामांनी एकच विचारलं, "कामाचं भ्या वाटतं का?" खोटं बोलायचं सुचलं नाही. म्हटलं, "लई वाटतं." "मंग ये उद्यापासून. न भेणारे इंजिन फोडत्यात." माझ्या भित्रेपणाचा कुणाला उपयोग आहे, असं जन्मात पहिल्यांदा कुणी म्हणालं होतं.

दोन वर्षांनी मामींच्या पाठीचं दुखणं निघालं, आणि ते मणक्यात गेलेला कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी पंचवीस शेक सांगितले. मशीनखाली किरणं देतात, त्याला आम्ही सगळे शेकच म्हणायचो. रविवार सोडून रोज, आणि मध्ये खाडा नाही. दवाखाना संभाजीनगरला. मामींना बसवत नव्हतं, नुसतं आडवं पडून राहता यायचं. शेजाऱ्याच्या जीपमधून तपासणीला नेलं तेव्हा दर खड्ड्याला त्या ओरडत होत्या. रोज यायला कोणतीच रुग्णवाहिका तयार नव्हती आणि शहरात ज्याच्याकडे राहावं असं आपलं कुणी नव्हतं.

गॅरेजमागे बाभळीखाली एक लहान गाडी सहा वर्षं नुसती उभी होती. मामी तिच्या टपावर मिरच्या वाळवायच्या. मामांनी मिरच्या काढल्या, ड्रायव्हरशेजारची सीट उपटली, फळी टाकून तिथे गादी बसेल असं केलं आणि इंजिन खाली उतरवलं. आठ दिवस होते हातात.

त्या आठ दिवसांत मामांनी एकही रिंग गालाला लावली नाही. "हिच्या गाडीत जुनं रबर एकबी न्हाई बसायचं," ते म्हणाले. जालन्याहून सगळं नवं आणलं. जुन्या रबराचा ढीग माझ्यापुढे लोटला आणि ब्लेड दिलं. "तपासायचं न्हाई. काप."

मी कापत बसलो. त्यात इंजिनाला पाणी नेणाऱ्या लोखंडी नळीची रिंग हाताला लागली. मऊ वाटली. मामा पलीकडे होते. मी ती गालाला लावली आणि खरंच सांगतो, मला काहीतरी कळलं असं वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. मनात म्हणालो, हाय जीव. आणि ती रिंग खिशात टाकली. चोरी म्हणून नाही. आपल्यालाही कळायला लागलं, याची खूण म्हणून.

शेक सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मामा कागदपत्रांसाठी संभाजीनगरला गेले. नळी बसवायचं माझ्याकडे होतं. घाईत नवी रिंग कडेला चिमटली आणि फाटली. दुपारचे तीन वाजले होते. जालना अर्ध्या तासावर, दुकान उघडं. जाऊन आणता आली असती. पण मग मामांना सांगावं लागलं असतं की, तुमच्या बायकोच्या गाडीची रिंग मी फाडली. मी खिशात हात घातला.

चार दिवस गाडी चालली. मी चालवायचो, मामा मागे बसून मामींची पाठ दोन्ही हातांनी धरून ठेवायचे. मामी म्हणाल्या, "भागवता, गाडी न्हाई रे बाबा, पाळणा हाय ह्यो."

पाचव्या दिवशी जाताना करमाडच्या अलीकडे इंजिनाच्या गरमीचा काटा वर गेला. मी बाजूला घेईपर्यंत बॉनेटमधून वाफ येत होती आणि इंजिन गप्प झालं होतं. मामा उतरले, आत हात घातला, नळी सोडवली. रिंग चपटी होऊन चिरली होती, पाणी तिथूनच गळालं होतं. त्यांनी ती पुसली आणि रस्त्याच्या कडेला, ट्रक जात असताना, डोळे मिटून गालाला लावली. मग माझ्याकडे बघितलं.

आतून मामींनी विचारलं, "काय झालं हो?"

"माझ्या हातून राह्यलं," मामा म्हणाले. "एक जुनीच बसवली म्या."

"तुम्ही?" मामी म्हणाल्या.

"हां. म्याच."

मग ब्लेड काढून माझ्यापुढे धरलं. "काप." तीनदा ब्लेड घसरलं. चौथ्यांदा कापली.

मामींना परत शेजाऱ्याच्या जीपमधूनच घरी आणलं. त्यांचं ओरडणं मी पुढच्या सीटवर बसून ऐकत होतो. इंजिनाचं हेड उघडून गाडी परत रस्त्यावर यायला तीन दिवस लागले. तीन शेक बुडाले. डॉक्टरांनी ते शेवटी जोडून दिले आणि "असं व्हायला नको होतं" एवढंच म्हणाले. उरलेले सगळे दिवस गाडी मीच चालवली. मामांनी किल्ली माझ्याकडून काढून घेतली नाही.

त्यानंतर मात्र मामांनी गालाला रिंग लावणं सोडलं. डब्यातल्या चांगल्या रिंगासुद्धा एका सकाळी बसून कापून टाकल्या. गिऱ्हाइकं कुरकुरायची, "मामा, खर्चा वाढून राह्यला की." मामा नव्या रिंगेची पुडी फोडायचे. शेवटी शेवटी मामी अंथरुणावरून त्यांचा चेहरा बघत म्हणाल्या, "गाल लई साफ राहून राह्यला तुमचा. मला पुसायला काईच ठिवलं न्हाई." मी दारात औषध घेऊन उभा होतो. तसाच मागे फिरलो.

शेक संपल्यावर चार महिन्यांनी मामी गेल्या. पुण्यानुमोदनाला आलेली माणसं वंदना करून उठली, मग मी मामांजवळ बसलो आणि सगळं सांगितलं. फाटलेली रिंग, खिसा, भीती.

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "फाटकी नवी रिंग मला त्याच संध्याकाळी गॅरेजमागं घावली व्हती, आपण करमाडहून आल्तो तवा."

"मंग बोलला का न्हाई मला?"

"तुझे हातपाय गळाले असते, तर पुढं तिला कुणी नेलं असतं?"

मी रडत होतो. विचारलं, "मामा, ते तीन दिवस बुडले न्हाई असते तर..."

तुझा दोष नाही, असं त्यांनी म्हणावं म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. ते म्हणाले नाहीत. भिंतीकडे बघत म्हणाले, "मला न्हाई ठाऊक. डाक्टरलाबी न्हाई. आता आपल्याला दोघाह्यला तसंच राह्यचं हाय."

महिनाभराने त्यांनीच ओळख काढून मला इकडे पाठवलं. "इथं माझं तोंड बघत बसला तर दोघंबी बाद होऊ. जा जल्दी." स्टेशनवर डब्याच्या खिडकीतून ब्लेड दिलं, जुन्या तिकिटात गुंडाळून.

इकडे म्हणजे कोइंबतूरजवळच्या कारखान्यात, जिथे रबराच्या रिंगा बनतात. माझं काम तपासायचं. नापास रिंग टोपलीत टाकायची असते. मी आधी कापतो. शेजारचा माणूस हसून त्याच्या भाषेत काहीतरी विचारतो. त्याला सांगण्याइतकी भाषा मला येत नाही, आणि मराठीतही हे मामांखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं.

दर रविवारी मामांचा फोन येतो. पोटापाण्याचं, बायकापोरांचं विचारून होतं. मग ते विचारतात, "कापतो ना?"

"कापतो मामा."

"बराबर."

त्यानंतर बोलायला काही नसतं. पण फोन कुणीच ठेवत नाही.