न जोडलेला स्पीकर

या सदरातले अनुभव मी नियमित वाचते, आणि दर वेळी माझा पहिला प्रश्न असतो – यांनी आधी फ्यूज तपासला का? भूत, चकवा, संकेत असल्या गोष्टींसाठी माझ्या दिवसात जागा नसते. कामं लिहायची, करायची, खोडायची. त्यामुळे मी हे लिहायला बसले तेव्हा श्रीकांत, म्हणजे माझा नवरा, बराच वेळ हसत होता. पण जे घडलं ते भर दुपारी घडलं आणि त्याला साक्षीदारही आहेत. म्हणून जसं झालं तसं सांगते.

आमचं घर मळवलीला, स्टेशनपासून चालत जाण्याइतकं. घर चढावर आहे आणि खाली फाटकाशी सपाट जागेत एक ट्रेलर उभा आहे. ट्रेलर म्हणजे गाडीला जोडून न्यायची खोली – आत पलंग, छोटा ओटा, बसायचा कोपरा. लोणावळ्यातल्या एका बंगलेवाल्यांनी विकायला काढला होता, तो आम्ही पाहुण्यांसाठी घेतला.

यंदा त्यात राहायला माझी थोरली बहीण, माई, येणार होती. माईची फुप्फुसं खराब झाली आहेत. ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र लागतं. पुण्याच्या धुळीपेक्षा इथली हवा बरी, असं डॉक्टरांचंही मत पडलं. घराच्या पायऱ्या तिला झेपल्या नसत्या, ट्रेलरला एकच पायरी. मी सगळी तयारी केली. पलंगाच्या उशाशी प्लगपॉइंट आहे, तिथे मशीन लागणार. त्यात मोबाईल लावून बघितला, चार्ज झाला. ते काम खोडलं.

राहिला स्पीकर. माईला झोपेतसुद्धा रेडिओ लागतो. ट्रेलरमध्ये म्युझिक सिस्टीम पुढे, बसायच्या कोपऱ्यात, आणि स्पीकर चार. तीन वाजत होते. चौथा, नेमका उशाजवळचा, मुका.

माई येण्याच्या आदल्या दुपारी आम्ही तो बिघाड शोधायला बसलो. बाहेर भात पोटरीला आलेलं, आत सगळ्या खिडक्या उघड्या. श्रीकांत कारखान्यात मेंटेनन्सला होता, त्यामुळे पद्धत त्याची. सिस्टीम काढून ठेवायची, मागून आलेल्या वायरच्या जोड्या मोकळ्या करायच्या आणि एकेका जोडीला घड्याळातला सेल क्षणभर टेकवायचा. वायर आणि स्पीकर धड असतील तर स्पीकरमधून 'टक्' असा आवाज येतो. नसतील तर नाही.

चौथा स्पीकर प्लायवूडच्या पॅनलवर बसवलेला होता. पावसाळ्यात प्लाय फुगलेलं, स्क्रू गंजलेले. एकदा काढलं तर परत नीट बसणार नाही, हे दिसत होतं. म्हणून आधीच ठरवलं – टक् आलं तर कुठेतरी जोड सैल आहे, पॅनल उघडायचं. नाही आलं तर वायर मेली असं समजायचं, पॅनलला हात लावायचा नाही आणि माईला एक छोटा रेडिओ आणून द्यायचा. खरं सांगायचं तर मला रेडिओच सोयीचा वाटत होता.

मी उशाशी स्पीकरच्या जाळीला कान लावून बसले. माई फोनवर होती, फोन पलंगावर स्पीकर ऑन करून ठेवलेला. आमच्याकडे काम करणाऱ्या हौसामावशी दारात गवारी मोडत बसल्या होत्या.

श्रीकांतने चौथी जोडी धरली. "लावतोय."

टक्.

"आलं," मी म्हटलं.

"काय चाललंय तुमचं टकटक?" फोनमधून माई. "श्रीकांतराव, मी अजून जिवंत आहे, आत्तापासून टाळ नकोत."

"तुम्हाला ऐकू गेलं माई?"

"दम लागतो मला, बहिरी नाही झाले."

शेजारच्या स्पीकरचा आवाज असेल म्हणून मी श्रीकांतला बाकीच्या तिन्ही जोड्या टेपने बंद करायला लावल्या. मग म्हटलं, मला न सांगता लाव, मधेच थांब, मनाला येईल तसं. मी त्याच्याकडे पाठ केली आणि बोटं जाळीवर ठेवली. आवाज आला की "आता" म्हणायचं. एकदाही चुकलं नाही. बोटांखाली जाळी थरथरायची, अगदी बारीक, पण थरथरायची.

"मग सैल जोडच आहे," श्रीकांत म्हणाला. "उघडूया."

स्क्रू तुटले, प्लायचा एक कोपरा हातात आला, पण पॅनल निघालं. स्पीकरच्या मागे दोन पितळी पाती असतात, वायर जोडायला. दोन्ही मोकळी. नुसती मोकळी नाही, हिरवी पडलेली. वायर जवळपास कुठेच नव्हती. माग काढत पुढे गेलो, तर ती जोडी ओट्यामागेच कापलेली होती. टोकांना टेप गुंडाळलेली. ओट्यापासून स्पीकरपर्यंत काहीही नाही.

हौसामावशी आत डोकावल्या. "ताई, ही तर तोडल्याली हाय. मंग वाजलं कुटनं?"

श्रीकांतने सेल थेट त्या पात्यांना लावला. काही नाही. उलटा लावला. काही नाही. स्पीकरची आतली कॉइल गंजून तुटलेली होती.

आणि तेव्हा मला वास आला. करपल्याचा, जुना.

स्पीकरच्या खाली, प्लगपॉइंटच्या मागे, एक वायर प्लगकडे येणाऱ्या मुख्य वायरला नुसती पिळून टेप मारून जोडलेली होती. कशासाठी, ते लगेच कळलं. आपल्याकडे पावसाळ्यात कपाटात पिवळा बल्ब जळत ठेवतात, कपड्यांना बुरशी येऊ नये म्हणून. आमच्याही घरात ठेवतो. आधीच्या मालकांनी पलंगाखालच्या पेटीसाठी तेच केलं होतं. बल्ब गेला, जोड राहिला. टेप वितळलेली, तांबं उघडं, आणि मागच्या प्लायवर तळहाताएवढा काळा डाग.

मोबाईल त्यावर चालला होता. माईचं मशीन रात्रंदिवस चाललं असतं तर? ऑक्सिजन सुरू, लागूनच गादी, आणि चढावर झोपलेले आम्ही.

"बोला की रे कुणीतरी," माई फोनवरून म्हणाली.

मी आधी ट्रेलरची वीज बंद केली. श्रीकांतने सांगितलं, "माई, दोन दिवस उशिरा या. वायरिंग नवीन करतो."

"स्पीकरसाठी दोन दिवस? लाडकी दिसतेय मी."

लोणावळ्याहून वायरमन आला. त्याने सगळी वायर बदलली, जाड घातली, मशीनसाठी वेगळा पॉइंट दिला. त्याला मी टक्-टक् सांगितलं. तो म्हणाला, पत्र्यातून आवाज गेला असेल. मी त्याला बाकी स्पीकर बंद असल्याचं सांगितलं. मग म्हणाला, ओल असेल, ओलीतून करंट जातो. श्रीकांत म्हणाला, कॉइलच तुटलीय, करंट जाऊन वाजणार काय? त्यावर वायरमनने चहा मागितला.

हौसामावशींनी दुसऱ्या दिवशी ट्रेलरच्या पायरीवर नारळ फोडला. एरवी मी नको म्हटलं असतं. या वेळी मीच खोबऱ्याचे तुकडे केले आणि वाटले.

माई आता इथेच आहे. पहिल्यापेक्षा चार पावलं जास्त चालते, माझ्या भाजीला नावं ठेवते. श्रीकांतने पुन्हा वेगवेगळ्या तऱ्हांनी प्रयोग करून पाहिला, तो आवाज परत आला नाही. कारण शोधायचं मी सोडलं आहे, आणि सोडून दिलेलं हे माझं पहिलंच काम.

रोज संध्याकाळी माईची उशी सारखी करताना मी त्या नव्या पॅनलवर हात ठेवून बघते. गार असतं. मग हळूच म्हणते, उपकार झाले.

"कुणाशी बोलतेस गं सुलू?" माई विचारते.

"माहीत नाही," मी खरं ते सांगते.