अकरा कपाटांच्या किल्ल्या

ग्रंथपालबाई रोज सकाळी आल्या आल्या अकराही कपाटांची कुलपं काढत, कुणी वर्षानुवर्षं ढुंकून न पाहिलेल्या कपाटाचंही. "कुणी काय वाचावं, हे ठरवणारी मी कोण?" त्या म्हणत.

एकदा इंटरनेट कंपनीचे साहेब करारावर वाचनालयाच्या अध्यक्षांची सही घ्यायला आले. वाचनालयातल्या संगणकांना फुकट जोडणी मिळणार होती. "फक्त आमच्या पाच साइट झटपट उघडतील, ताई. बाकीच्या जरा हळू." बाईंना तिथे बसून नोकरीचे अर्ज भरणाऱ्या मुली आठवल्या.

अध्यक्ष यायचे होते. साहेबांनी वेळ घालवायला एक रहस्यकथा मागितली. बाईंनी एक सोडून सगळी कपाटं बंद केली.

"यातलं लगेच मिळेल, साहेब. आमचे वार्षिक अहवाल आहेत. रहस्यकथा जरा हळू येईल."

आणि दर पंधरा मिनिटांनी त्या एकेका पानाची झेरॉक्स आणून देऊ लागल्या. अध्यक्ष आले तेव्हा साहेब तिसऱ्या पानावर कपाळाला हात लावून बसले होते. "प्रेत सापडलंय, पण कुणाचं ते अजून यायचंय!"

"साहेबांच्याच नियमाने देतेय," बाई म्हणाल्या. अध्यक्ष पोट धरून हसले आणि त्यांनी करार सही न करताच परत केला.

साहेब तणतणत उठले.

"जाताना खुर्ची आत सरकवा हं," बाई म्हणाल्या.